एकशे शहाऐंशी बोटं

धुलाई कारखान्यात तिला खऱ्या नावाने कुणी हाक मारली, त्याला वीस वर्षं तरी झाली असतील. सगळ्या तिला फौजदार म्हणतात, अगदी तोंडावर. नाव पडलं ते एका इस्त्रीवाल्यामुळे. त्याने नव्या बाईला उगाचच दटावलं, तेव्हा हिने त्याला कामाच्या भर पाळीत ओल्या चादरींच्या गाड्यावर बसवलं आणि माफी मागेपर्यंत उठू दिलं नाही. हिचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं तिची धाकटी जाऊ म्हणते. जावेला माहीत असणारच. दोघी एकोणीस वर्षं एका घरात राहतात आणि त्यातली निम्मी वर्षं एकमेकींशी भिंतीकडे बघून बोलल्या आहेत.

कामावर मात्र शेजारी शेजारी. फौजदार तीन नंबरच्या यंत्रावर, जाऊ चार नंबरच्या. दीर पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला, त्यामुळे ते अर्धं घर जावेच्या नोकरीवर उभं.

काम म्हणजे इस्पितळांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, शस्त्रक्रियेचे हिरवे झगे. एका यंत्रात शंभर किलो माल मावतो. डागांचा माल असला की त्यात एक जहाल पाणी घालावं लागतं. त्याला सगळ्या डागांचं पाणी म्हणतात. ते कातडीवर पडलं तर आधी काहीच वाटत नाही आणि तासाभराने रडू येतं. म्हणून कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे. पहिल्या दिवशी पहिली गोष्ट शिकवतात ती हीच, की मोजा काढायचा नाही.

जुन्या यंत्रांना लोखंडी दांडा होता आणि टोकाला लाकडी मूठ, चोवीस वर्षांच्या ओल्या हातांनी गुळगुळीत झालेली. खाली ओढला की पाणी सुटायचं, वर ढकलला की थांबायचं. हात भरलेले असले तर कोपराने ढकलायचा, कोपर दुखत असलं तर कमरेने. डोळ्यांत वाफ गेली तरी हात बरोबर मुठीवर पडायचा. ज्या कुणी तो दांडा बनवला, त्याने आयुष्यात एकदा तरी ओले कपडे उचलले असणार, असं फौजदार म्हणायची. तिच्या तोंडून कुणाची एवढी स्तुती दुसऱ्यांदा ऐकल्याचं कुणाला आठवत नाही.

सात महिन्यांपूर्वी ती यंत्रं भंगारात गेली आणि नवी आली. दांडा नाही, मूठ नाही, बटणसुद्धा नाही. छातीच्या उंचीवर एक चकचकीत काच. पाळी सुरू झाली की काचेवर निळे ढग यायचे आणि अक्षरं उमटायची : ‘नमस्कार! आज काय धुऊया?’

“काय धुवायचं ते मला ठाऊक आहे,” पहिल्या दिवशी फौजदार काचेला म्हणाली. “तू दार उघड.”

पण काच ऐकेना. तिला उघडं बोट लागायचं, जाड रबर तिला कळायचंच नाही. आणि हे एकदा नाही. एका घाण्याला नऊ वेळा काच विचारायची, ‘पुढे जायचं?’ नव्वद सेकंदांत ‘पुढे’ दाबलं नाही, तर सगळी धुलाई पहिल्यापासून सुरू. शिवाय काचेवर आणि वर मॅनेजरच्या खोलीत तांबडी ओळ उमटायची : ‘उशीर. कारण : चालक.’ दुसरं कोणतं कारण त्या यंत्राला शिकवलेलंच नव्हतं. पाणी गेलं असो, वीज गेली असो, आभाळ कोसळलेलं असो, कारण चालक.

कोपरापर्यंतचा ओला मोजा काढायला अर्धं मिनिट लागतं आणि परत चढवायला त्याहून जास्त. नऊ वेळा काढघाल करायची आणि मधल्या वेळात शंभर किलो ओझं उपसायचं. पहिल्या आठवड्यात अकरा जणींनी नाना युक्त्या केल्या. कुणी नाकाने दाबलं, कुणी हनुवटीने. एकीने तर काचेवर कपाळच आपटलं, पण ते रागाने.

फौजदार मॅनेजरकडे गेली. “साहेब, काचेला मोजा कळत नाही.”

“सवय होईल हळूहळू.”

“कुणाला? मोज्याला?”

“हे बघा, तक्रारीची सोय स्क्रीनवरच केलीय. तिथे नोंदवा.”

सोय म्हणजे काय, तर ‘पुढे’ दाबल्यावर लगेच काच विचारायची, ‘तुमचा अनुभव कसा होता?’ आणि खाली पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. लिहायला जागा नाही. आता ज्या बाईला काच एका दाबात दाद देत नाही, ती बाई दोनदा, तीनदा, चारदा दाबणार. त्यातला एखादा दाब ‘पुढे’ला लागायचा आणि नेमका त्याच जागी हसरा चेहरा उगवायचा. पुढचा दाब त्याच्यावर. अकरा जणी दिवसभर दातओठ खात हसरा चेहरा दाबत होत्या. फौजदार मुद्दाम थांबून रडका शोधायची, पण ती थांबली की तिकडे सेकंद धावायचे. काही दिवसांनी तिनेही नाद सोडला.

दुसऱ्या आठवड्यात तिने घरून कात्री आणली. उजव्या मोज्याचं अंगठ्याजवळचं बोट, त्याचं टोक नखाएवढं कापलं, आणि काचेवर बोट टेकवलं. काच बोलली, ओल्या बोटाने दोन-चारदा दाबावं लागलं एवढंच. दुपारपर्यंत नऊ जणी हात पुढे करून रांगेत उभ्या होत्या. राहिली होती ती जाऊ.

“अहो जाऊबाई,” ती म्हणाली, “भोक पाडायचं तर मग मोजा घालायचा तरी कशाला?”

“शहाणपणा पुरे. कालच्या दिवसात तुझ्या नावावर सात तांबड्या ओळी आहेत. आण इकडे हात.”

जावेने हात पुढे केला. फौजदारने कापलं. कापलेलं टोक तिने खाली टाकलं नाही, कारण धुलाईघरात लहानशी वस्तूही खाली टाकायची नसते. ती मोरीत जाते, पंपात अडकते आणि मग साऱ्या कारखान्याचं पाणी तुंबतं. साधं बटण सापडलं तरी बायका ते खिशात घालतात. फौजदारने आपल्या कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात टोकं टाकली. पुढे दर पंधरा दिवसांनी नवे मोजे आले की कात्री निघायची आणि डब्यात भर पडायची. कुणाचे मोजे लवकर फाटायचे, तिची टोकं जास्त. हे सगळं सुपरवायझरच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. त्याने कानाडोळा केला, कारण तांबड्या ओळी थांबल्या होत्या आणि वरचे लोक त्याच्यावर खूश होते.

बोटांची सालं मात्र निघायला लागली. सकाळी फाटकावरच्या हजेरीच्या यंत्रावर तेच बोट टेकवायचं असतं, हिरवा दिवा लागला की आत. तो दिवा आता दोन-तीन प्रयत्नांनी लागायचा. बायका बोटाला तेल चोळून यायच्या आणि त्यावरून एकमेकींची थट्टा करायच्या.

जावेच्या बोटाला भेग पडली, तिच्यात डागांचं पाणी शिरलं. तिने चिंधी बांधली, वरून मोजा चढवला आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. सुट्टी घेतली तर घरी काय, हा विचार. एका छताखाली राहून फौजदारलाही कळलं नाही, कारण त्या आठवड्यात दोघींचं सांडशीवरून बोलणं बंद होतं. बोट काळं पडल्यावर ती इस्पितळात गेली. डॉक्टरांनी पहिलं पेर कापून टाकलं.

नवव्या दिवशी घरी पत्र आलं. फौजदारने ते उभ्या उभ्या वाचलं. सुरक्षा साधनाची जाणूनबुजून नासधूस. मानवी चूक. उपचारांची जबाबदारी कारखान्यावर नाही. सेवेतून कमी का करू नये, याचा खुलासा चौकशीत करावा. आणि शेवटी एक ओळ : ‘मोजा आपण स्वतः कापल्याचे आपण जबाबात मान्य केले आहे.’

“तू स्वतः कापलास?” फौजदारने विचारलं.

जाऊ पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून बसली होती. “त्यांनी विचारलं कुणी कापला. मग काय तुमचं नाव सांगू? तुमची तीन वर्षं राहिलीत निवृत्तीला.”

फौजदारच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग नक्की कुणाचा, हे तिला पहिल्यांदाच कळेना. कारखान्याचा होता, मॅनेजरचा होता, निळ्या ढगांचा होता. पण सगळ्यात जास्त स्वतःचा होता. ‘आण इकडे हात’ हे आपलेच शब्द तिच्या कानात वाजत होते. ती जावेवर ओरडली, “तुला कुणी सांगितला होता हा मोठेपणा?” आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत कितीतरी वेळ उभी राहिली.

चौकशी सकाळी अकराला वरच्या बैठकीच्या खोलीत होती. खोली थंडगार, कोरडी, काचेचं टेबल. मॅनेजर होता, बाहेरून आलेल्या चौकशी अधिकारी बाई होत्या आणि पस्तिशीतला एक सभ्य माणूस होता, त्याच्या पुढ्यात लॅपटॉप. जाऊ खुर्चीच्या कडेवर बसली. फौजदारला साक्षीला म्हणून कुणी बोलावलं नव्हतं. ती आत आली आणि बसली, एवढंच.

“मी यूएक्स डिझायनर,” त्या माणसाने ओळख करून दिली. “स्क्रीन आमच्या टीमने केलीय.”

“म्हणजे तुम्ही काय करता?” फौजदारने विचारलं.

“वापरणाऱ्या माणसाला यंत्राचा अनुभव कसा येतो, ते बघतो. ते सोपं वाटावं, चुका होऊ नयेत, यासाठी.”

“कुठून बघता?”

मॅनेजर खाकरला. “विषयाला धरून बोलू. यंत्रात दोष नाही. हा अहवाल बघा. या सात महिन्यांत चालकांनी शंभरातल्या चौऱ्याण्णव वेळा हसरा चेहरा दाबलाय. चौऱ्याण्णव! या बाई स्वतः खूश होत्या.”

जाऊ खाली बघू लागली. फौजदारने श्वास घेऊन शांत राहायचं ठरवलं, पण तिला ते जमलं नाही.

“खूश? अहो, तो चेहरा ‘पुढे’च्या डोक्यावर आणून बसवलाय तुम्ही! काच ऐकत नाही म्हणून आम्ही चारदा बडवतो, त्यातलं एक ‘पुढे’ला लागतं आणि तीन तुमच्या त्या हसऱ्याला! आम्ही शिव्या घालत होतो, आणि तुम्ही इथे बसून आमचं हसू मोजत होता!”

डिझायनरने लॅपटॉपवर काहीतरी उघडलं आणि बराच वेळ बघत राहिला. “दोन्ही दाबांत अर्ध्या सेकंदाचंही अंतर नाहीये,” तो स्वतःशी बोलल्यासारखा म्हणाला. “एवढ्यात कुणी वाचूच शकत नाही.”

“काहीही असो,” मॅनेजर म्हणाला. “मोजा कापला ही मानवी चूक. यांनी कबूल केलंय.”

फौजदारने पिशवीतून पत्र्याचा डबा काढला आणि काचेच्या टेबलावर उपडा केला. पिवळी रबरी टोकं टपटप पडली. काही उड्या मारत लॅपटॉपपर्यंत गेली. चौकशी बाईंनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला.

“हे काय?”

“बोटं. एकशे शहाऐंशी आहेत. आज सकाळी मोजली.”

“कुणी कापली?”

“मी. सगळी. ही कात्री. हिचीही मीच कापली. हिने जबाब दिला तो खोटा, मला वाचवायला दिला. ती नको म्हणत होती, मी हात ओढून कापलं.”

“जाऊबाई!” जाऊ म्हणाली.

“तू गप्प बस.” फौजदार चौकशी बाईंकडे वळली. “मला काय शिक्षा करायची ती करा. पण एक सांगा. एका बाईने एकदा कापलं, तर तिची चूक म्हणा. अकरा बायकांनी एकशे शहाऐंशी वेळा तेच केलं, तर चूक बायकांत शोधायची, की त्या जिच्यासमोर उभ्या होत्या त्या काचेत? आणि एकशे सत्त्याऐंशीवं बोट यात नाही. ते इस्पितळात टाकून दिलं. ते रबराचं नव्हतं.”

मग चौकशी बाईंनी विचारलं, “यंत्र बघता येईल?”

खाली चार नंबरवर डागांचा घाणा चालू होता. फौजदारने डिझायनरला अखंड मोजे दिले. त्याने ते चढवले, ओल्या चादरींची एक खेप तिच्या सांगण्यावरून उपसली, तेवढ्यातच त्याच्या चष्म्यावर वाफ धरली. काच म्हणाली, ‘पुढे जायचं?’ आणि सेकंद सुरू झाले. त्याने दाबलं. मग दाबून धरलं. मग बाजूने, मग पोराने दार ठोठावावं तसं बोटाच्या सांध्याने. अकरा बायका हात बांधून बघत होत्या. वीस सेकंद राहिले तेव्हा त्याला घाम फुटला. मोजा हाताने निघेना, म्हणून त्याने बोटाचं टोक दातांत धरायला हात तोंडाकडे नेला.

फौजदारने झेप घालून त्याचं मनगट धरलं. “तोंडाला लावू नका! डागांचं पाणी आहे त्याच्यावर!”

तो थिजला. काचेवरचे सेकंद संपले. आत पाण्याचा लोट सुटला, शंभर किलो माल पहिल्यापासून धुवायला लागला, आणि तांबडी ओळ उमटली : ‘उशीर. कारण : चालक.’

“हा चालक कोण?” चौकशी बाईंनी विचारलं.

डिझायनरने मोजे काढून कठड्यावर ठेवले. “मी दोनदा कळवलं होतं, धुलाईघर बघायला येतो म्हणून,” तो म्हणाला. “वेळ नाही असं उत्तर आलं. आम्ही ऑफिसात सहा जणांकडून तपासून घेतलं.” मॅनेजर छताकडे बघत होता.

“मग तिसऱ्यांदा विचारायचं होतं,” फौजदार म्हणाली. “तुम्हाला दोनदा नाही म्हणाले आणि तुम्ही गप्प बसलात. तिचं पेर गेलं.”

तो मान खाली घालून उभा राहिला. खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूने. पण फौजदारला त्या दिवशी कुणाच्याही बाजूचं काही नको होतं.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. जावेची नोकरी कायम, उपचार कारखान्याकडे. फौजदारला लेखी ताकीद, तिच्या चोवीस वर्षांतली पहिली. यंत्रांना तळव्याएवढी तांबडी आणि हिरवी बटणं बसली, कोपरानेही दाबता येणारी. जिन्यात एक फलक लागला : ‘चालकांसाठी अधिक चांगला अनुभव!’ खाली मॅनेजरचा फोटो. तो फलक वाचून फौजदारच्या डोक्यात अशी तिडीक गेली की ती आठवडाभर मागच्या जिन्याने ये-जा करत होती.

जाऊ कामावर यायची ती सकाळ आली. दोघी बरोबर निघाल्या, रस्ताभर सांडशीवरून भांडल्या. फाटकावर बाकीच्या नऊ जणी थांबल्या होत्या, त्यांनी जावेला पुढे घातलं. हजेरीच्या यंत्रापुढे येऊन तिने सवयीने उजवा हात वर केला आणि तसाच धरला. टेकवायचं ते पेर नव्हतं. तिने उरलेलं थोटं बोट टेकवून बघितलं.

‘बोट ओळखता आले नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’

तिने पुन्हा प्रयत्न केला.

“थांबा, थांबा,” पहारेकरी धावत आला. भला माणूस. “बोट बदलायची सोय आहे त्यात.” त्याने इथेतिथे दाबलं, आणि काचेवर आलेलं मोठ्याने वाचलं, “‘बोट बदलण्यासाठी आधी जुन्या बोटाने ओळख पटवा.’” मग तेच त्याने मनातल्या मनात पुन्हा वाचलं.

“तू तर ओळखतोस ना मला?” जावेने विचारलं.

“अहो, अकरा वर्षं ओळखतो. पण दिवा हिरवा झाल्याशिवाय आत सोडता येत नाही मला.”

जावेने हात पदराखाली घेतला. “जाऊ द्या जाऊबाई. मी जाते घरी. तुमचा उशीर नको.”

“पाऊल हलवायचं नाही,” फौजदार म्हणाली. तिने यंत्राकडे बघितलं, आपल्या बोटाकडे बघितलं, आणि ते न टेकवताच फाटकाच्या पायरीवर बसली. तिच्या मागोमाग नऊ जणी बसल्या.

“पाळी सुरू झाली,” पहारेकरी काकुळतीला आला. “तुम्हा सगळ्यांना उशीर लागेल.”

“लागू दे. कारण काय लिहिणार ते मला पाठ आहे. वर फोन लाव. सांग, अकरा बायका फाटकावर बसल्यात. मॅनेजरला बोलाव, ज्याने हे यंत्र विकलं त्याला बोलाव, त्या अनुभववाल्यालाही बोलाव. त्याला म्हणावं, या वेळी कुणाची परवानगी मागत बसू नकोस. नीघ आणि ये.”

पहारेकऱ्याने फोन उचलला. जाऊ अजून उभीच होती. मग तिने तो आखूड बोटाचा हात फौजदारच्या खांद्यावर टेकवला आणि तिच्याशेजारी जागा करून बसली.

“अहो,” ती म्हणाली, “आज राग नाकावरच राहू द्या. खाली उतरवू नका.”